‘मला उमजलेले’

बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली कन्नड घरात जन्मलेले कुमार गंधर्व आमचे की त्यांचे, हा वाद आपल्या सीमाभागात अधूनमधून निघतो. मला तो व्यर्थ वाटतो. बालपणी ध्वनिमुद्रिकांवरील बुजुर्गांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या कुमारांनी पुढे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ सादर केले, तेव्हा नक्कल कटाक्षाने टाळली. मराठी नाट्यपद त्यांना वारशाने मिळाले नव्हते. ते त्यांनी समजून घेतले. (शीर्षकातील ‘मला’ हा शब्द म्हणूनच मोलाचा.) देवासला क्षयाच्या आजारपणात कानी पडलेली माळवी लोकगीतेही त्यांनी अशीच आपलीशी केली. उलट दिशेने गेले ते धारवाडचे द. रा. बेंद्रे, मराठी घरातले, पण कन्नडचे थोर कवी. त्यांची कविता आपल्यापैकी किती घरांत मुळातून वाचली जाते?