टॅबलेटवरील रेणुदर्शक : चित्रण सुटले, निर्देश अडला

प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंची त्रिमितीय रचना पडद्यावर फिरवून, जवळ-दूर नेऊन पाहू देणाऱ्या संगणकीय साधनाला रेणुदर्शक म्हणता येईल. १९७१ मध्ये अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत आज २ लाखांहून अधिक रचना आहेत, आणि त्या पाहण्यासाठी निराळे सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही, ब्राउझर पुरतो. ज्या विद्यार्थ्याच्या हाती संगणकाऐवजी टॅबलेटच आहे त्याच्यापर्यंत मात्र ही सोय आजही अर्धीमुर्धीच पोहोचली आहे.

२०१० मध्ये आयपॅड आला तेव्हा वेबवरील रेणुदर्शनाचा मोठा भार जेमॉल या अॅप्लेटवर होता. अॅप्लेट म्हणजे ब्राउझरच्या चौकटीत चालणारा, पण जावाच्या स्वतंत्र यंत्रणेवर विसंबलेला प्रोग्राम. आयपॅडने जावाला थाराच दिला नाही, त्यामुळे जेमॉलवर बेतलेली अध्यापनाची पाने तेथे निरुपयोगी ठरली. यावर निघालेला एक मार्ग जेएसमॉलचा होता. त्यात जेमॉलचा जावा कोड जावास्क्रिप्टमध्ये उतरवण्यात आला, जुन्या आज्ञा बहुतांशी तशाच चालू राहिल्या आणि शिक्षकांनी वर्षानुवर्षे रचलेली पाने वाचली. परंतु चित्रातील ठिपक्यांचा हिशेब मुख्य प्रोसेसरवर पडल्याने मोठा रेणू अडखळत फिरू लागला. दुसरा मार्ग वेबजीएलचा, म्हणजे ब्राउझरला ग्राफिक्स प्रोसेसर थेट वापरू देणाऱ्या मानकाचा. त्याची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली, आयपॅडच्या सफारीत ते २०१४ मध्ये खुले झाले, आणि थ्रीडीमॉल, एनजीएल व पुढे मोलस्टार हे दर्शक त्यावरच उभे राहिले. या दर्शकांत अणूचा गोल असंख्य त्रिकोण जोडून घडवण्याऐवजी एका सपाट चौकोनावर गणिताने रंगवता येतो, आणि बायनरीसिफसारख्या संक्षिप्त स्वरूपामुळे माहितीचा भारही घटतो. एचआयव्ही विषाणूच्या कवचाच्या एका प्रतिमानात २४ लाखांहून अधिक अणू आहेत. अशा रचनाही आता ब्राउझरमध्ये उघडतात. चित्रणाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, असे म्हणण्यास हरकत नाही.

निर्देशाचा प्रश्न तसा सुटलेला नाही, कारण बहुतेक दर्शकांची घडण माउस गृहीत धरून झाली आहे. माउसचा बाण न दाबता अणूवर नुसता ठेवला तरी त्याचे नाव दिसते, उजव्या बटणाने यादी उघडते, चाकाने रेणू जवळ येतो. बोटाला यांपैकी काहीच आपसूक जमत नाही. एका बोटाने फिरवणे आणि दोन बोटांच्या चिमटीने आकार बदलणे आता सर्वत्र रुळले असले, तरी तेच बोट पान वर-खाली सरकवण्यासाठीही लागते, आणि पडदाभर पसरलेल्या रेणूच्या चौकटीत अडकलेल्या वाचकाला पुढचा मजकूर गाठणेच कठीण होते. हा दोष उपकरणाचा नसून मांडणीचा आहे. चौकटीभोवती मोकळी जागा सोडली तरी तो पुष्कळ कमी होतो.

खरी अडचण अणू निवडण्याची आहे. हिमोग्लोबिनचा रेणू सुमारे ६० आंग्स्ट्रॉम रुंद असतो (१ आंग्स्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). तो पडद्याच्या ७०० पॉइंटांत बसवला, तर जोडलेल्या दोन कार्बन अणूंमधले दीड आंग्स्ट्रॉम अंतर जेमतेम १८ पॉइंट भरते. बोटाने दाबायची जागा निदान ४४ पॉइंट असावी, असे अॅपलची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. शिवाय अणू एकामागे एक दडलेले असतात आणि बोट स्वतःच लक्ष्य झाकते. अशा वेळी नवनव्या खुणांची भर घालून काही साधत नाही. निवडीचे एककच मोठे करावे लागते. मोलस्टारमध्ये सुट्या अणूऐवजी साखळीतील संपूर्ण अमिनो आम्ल निवडले जाते आणि त्याच्या सभोवतालचे अणू उलगडून दिसतात. तसेच अमिनो आम्लांचा क्रम अक्षरांच्या ओळीत मांडलेला असल्याने रेणूला हात न लावताही निवड करता येते. प्रोटिओपीडिया या ऑनलाइन विश्वकोशाने तर मजकुरातील हिरव्या दुव्यांनाच दृश्य बदलण्याचे काम दिले आहे. ही पद्धत टॅबलेटसाठी योजलेली नव्हती, तरी त्याला तीच सर्वांत मानवते, कारण तेथे बोटाला अणूऐवजी शब्द दाबायचा असतो.

तथापि लेखकाने आखलेल्या दृश्यांत वाचकाचा स्वतःचा शोध मावत नाही. दोन अणूंमधील अंतर मोजणे हे रचनाशास्त्रातील अगदी प्राथमिक काम. जेमॉलच्या परंपरेत ते अणूवर दोनदा क्लिक करून सुरू होते, आणि टॅबलेटवर तेच सर्वांत त्रासाचे ठरते. बोटापासून थोडा वर सरकवलेला निर्देशक, दाबलेल्या भागाचे भिंग, किंवा जवळच्या चार-पाच अणूंची नावे देऊन त्यांतून निवडू देणारी यादी, हे उपाय तांत्रिकदृष्ट्या अवघड नाहीत. २०२२ पासून काही आयपॅडांवर लेखणी पडद्याला न टेकवताही ओळखली जाते, पण ती महागड्या उपकरणांपुरती सोय आहे. तिच्या भरवशावर बोटाने चालणारी मोजणी लांबणीवर टाकणे अध्यापनासाठी बनवलेल्या दर्शकाला परवडणारे नाही.