‘कोवळे ऊन’ आणि ‘ड’ जीवनसत्त्व : एका प्रचलित वाक्याची चिकित्सा

अमरावती-अकोल्याकडे बाळंतिणीस हमखास ऐकावयास मिळणारे वाक्य असे : बाळाला कोवळ्या उन्हात धरावे, ‘ड’ जीवनसत्त्व मिळते, छाती भरत नाही. हेतू निर्मळ आहे. परंतु वाक्यातील पदे तपासल्यावाचून स्वीकारण्याजोगी नाहीत. (भूमितीच्या अ-ब-क-ड क्रमाने ‘सी’स ‘क’ म्हटल्यामुळे जन्मतःच टोचावयाच्या ‘के’ जीवनसत्त्वाची जी नामसंकटे उद्भवली, ती येथे बाजूस ठेवू.)

‘कोवळे’ हे विशेषण पानास, काकडीस, वयास लागते तेव्हा ‘जपण्याजोगे’ असा अर्थ देते. उन्हास लागले की ‘न बाधणारे’ असा. आता हे ऊन बाधत का नाही? सूर्य क्षितिजालगत असता त्वचेत ‘ड’ घडविणारे अतिनील किरण वातावरणातच बहुतांशी शोषले जातात, म्हणून. जे बाधत नाही, ते घडवीतही नाही. सुरक्षिततेचा शब्द आपण गुणकारितेस लावून मोकळे झालो. बरे, वैशाखात अकोल्याच्या दुपारी तान्ह्या जिवास उन्हात धरा, असे कोण म्हणेल? आईच्या दुधात हे जीवनसत्त्व अल्पच असते. म्हणूनच बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी रोज ४०० एककांचे थेंब सांगतात.

‘मिळते’ आणि ‘भरत नाही’ यांमधील कार्यकारणभाव तर अधिकच शिथिल आहे. इथिओपियातील १९९७ च्या अभ्यासात न्यूमोनिया झालेल्या मुलांत मुडदूस पुष्कळ अधिक आढळला, हे खरे. तथापि काबूल येथे तीन हजारांवर अर्भकांना दर तीन महिन्यांनी एक लक्ष एकके देऊनही न्यूमोनियाचे प्रमाण घटले नाही, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. थेंब हाडांसाठी अवश्य द्यावेत. छातीची हमी त्यांच्या नावावर लिहू नये.

उरला ‘छाती’ हा शब्द. वऱ्हाडात हा आजार पुष्कळदा पोटाच्या नावाने ओळखला जातो : ‘पोट उडते’. नाव पोटाचे, म्हणून उपायही पोटावर. मेळघाटात तापल्या विळ्याचे चटके पोटावरच दिले जातात. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यात एका नवजात अर्भकास श्वासाच्या तक्रारीसाठी तसे दिल्याचे उघडकीस आले. तरीही ‘पोट उडते’ हे निरीक्षण अडाणी नव्हे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, हे धोक्याचे लक्षण त्यात नेमके टिपले आहे. पत्रकांतील ‘तीव्र श्वसनदाह’ कोणा आईस दिसत नाही. पोट उडताना तिला दिसते. पत्रककारांनी तोच शब्द घ्यावा, आणि त्यापुढे दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० वा अधिक भरला तर तत्काळ दवाखाना गाठावा, एवढेच लिहावे.