मठवासिनींचे ‘दारिद्र्य’ आणि अवशेषांचा अर्थ : रॉबर्टा गिलख्रिस्ट यांच्या मांडणीची चिकित्सा

इंग्लंडमधील मध्ययुगीन स्त्री-मठांच्या अभ्यासाची दिशा दीर्घकाळ आयलीन पॉवर यांच्या १९२२ सालच्या ग्रंथाने निश्चित केली होती. बिशपांचे तपासणी-अहवाल आणि मठांचे हिशेब यांवर आधारलेल्या या ग्रंथातून कर्ज, शिथिल शिस्त आणि ढासळती छपरे यांचे चित्र उभे राहते. रॉबर्टा गिलख्रिस्ट यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चित्राला पुरातत्त्वाच्या आधारे आव्हान दिले. स्त्री-मठ हे पुरुष-मठांची फसलेली आवृत्ती नव्हते. त्यांची प्रयोजनेच वेगळी होती, हे त्यांचे प्रमुख प्रतिपादन होय. लहान चर्च आणि साधे बांधकाम यांकडे अभाव म्हणून नव्हे, तर स्थानिक जमीनदार आश्रयदात्यांशी व परिसरातील जनतेशी असलेल्या निकट संबंधांची खूण म्हणून त्या पाहतात. हा दृष्टिकोन मोलाचा आहे. तथापि त्यातील प्रत्येक निष्कर्ष सारख्याच बळकट पायावर उभा नाही.

केंब्रिज येथील सेंट रॅडेगंड या बाराव्या शतकातील बेनेडिक्टाइन मठाचे उदाहरण घेता येईल. येथे छताच्या वाटांनी वेढलेला मठाचा चौक चर्चच्या उत्तरेस आहे. सामान्य प्रघात दक्षिणेचा. स्त्री-मठांत उत्तरेकडील चौक लक्षणीय प्रमाणात आढळतात, आणि गिलख्रिस्ट त्याचा संबंध स्त्रीत्वाशी निगडित प्रतीकांशी, विशेषतः क्रुसावरील ख्रिस्ताच्या उजव्या हातास उभ्या असलेल्या मरियेशी जोडतात. पाण्याची सोय हे एकमेव स्पष्टीकरण त्यांना अपुरे वाटते. परंतु या जागी दक्षिणेस शहराकडून येणारा रस्ता आहे, तर उत्तरेस कॅम नदीची सखल भूमी. चर्चचा काही भाग तेथील रहिवाशांच्या उपासनेसाठी होता. तेव्हा चर्च रस्त्याकडे आणि मठवासिनींची वसती त्यामागे, ही रचना प्रतीकाचा आधार न घेताही समजते. प्रतीकार्थ येथे अशक्य आहे असे नव्हे. पण एकट्या दिशेवरून तो सिद्ध होत नाही. चर्चपासून शयनगृहापर्यंतच्या प्रवेशमार्गांचे गिलख्रिस्ट यांनी केलेले विश्लेषण याहून अधिक पटणारे आहे, कारण तेथे दारे आणि भिंती प्रत्यक्ष मोजता येतात.

अधिक महत्त्वाचा प्रश्न साधनांचा आहे. इ.स. १४९६ मध्ये ईलीचे बिशप जॉन अल्कॉक यांनी हा मठ बंद करून त्याच जागी जीझस कॉलेज स्थापन केले. त्या वेळी तेथे दोनच मठवासिनी उरल्या होत्या. मठाच्या ऱ्हासाचे कारण म्हणून मठवासिनींची बेपर्वाई व स्वैर वर्तन नमूद करण्यात आले, आणि विद्यापीठाची जवळीक त्यास कारणीभूत मानली गेली. दोष विद्यापीठाच्या सान्निध्याचा, आणि मिळकत मात्र विद्यापीठातील नव्या महाविद्यालयाला! ज्याला इमारत हवी होती त्यानेच लिहिविलेला हा पुरावा आहे. हे उदाहरण एकाकी नाही. ऑक्सफर्डजवळचा लिटलमोर हा बेनेडिक्टाइन स्त्री-मठ १५२५ मध्ये कार्डिनल वुल्झी यांनी आपल्या नियोजित महाविद्यालयासाठी बंद केला. हायम आणि ब्रूमहॉल या स्त्री-मठांच्या मिळकती केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजकडे गेल्या.

लिटलमोर येथील अलीकडच्या उत्खननात ९२ दफने उजेडात आली. त्यांत स्त्रियांप्रमाणेच पुरुष व बालकेही आहेत. या वस्तुस्थितीतून गिलख्रिस्ट यांच्या प्रतिपादनाला, म्हणजे मठ व लोकवस्ती यांच्या निकट संबंधाला, पुष्टी मिळते. वृत्तपत्रांनी मात्र १५१७ च्या तपासणीतील आरोपांच्या प्रकाशातच हे सांगाडे पाहिले. अस्थींवरून आहार, व्याधी, वय कळते. शीलाचा निवाडा करता येत नाही.

गिलख्रिस्ट यांच्या मांडणीत अवशेष टिकण्यामागील कारणांना पुरेसे स्थान मिळालेले नाही. सेंट रॅडेगंडच्या सभागृहाच्या सुमारे १२३० मधील प्रवेशकमानी १८९३ साली पुन्हा प्रकाशात आल्या, त्या महाविद्यालयाने मठाच्याच भिंतींत संसार थाटल्यामुळे. तेथील चर्चचा पश्चिम भाग मात्र अल्कॉक यांच्या काळात निवासी खोल्यांत बदलला आणि बाजूची दालने पाडली गेली. आज दिसणारे ‘लहान’ चर्च अंशतः या फेरबदलांची निर्मिती आहे, मठवासिनींची नव्हे.