केरुस्सो, दवंडी आणि द्वाही

प्राचीन ग्रीक 'केरुस्सो' या क्रियापदास ख्रिस्ती मराठींत कधीं 'उपदेश करणें', कधीं 'घोषणा करणें', तर कधीं 'गाजविणें' असे प्रतिशब्द मिळाले आहेत. पैकीं पहिला आमच्या मतें ग्राह्य नाहीं.

हें क्रियापद 'केरुक्स' म्हणजे राजदूत, ललकारी देणारा, या नामावरून सिद्ध झालें. आटिक रूप 'केरुत्तो'. भविष्यकाळीं 'केरुक्सो', भूतकाळीं 'एकेरुक्सा'. आणि जें पुकारलें तें 'केरुग्मा'. इलियडांत हे दूत सभा बोलावितात. पुढें उपसर्ग लागून 'आपोकेरुस्सो' म्हणजे पुत्रास जाहीरपणें बेदखल करणें, आणि 'एपिकेरुस्सो' म्हणजे एखाद्याच्या शिरावर इनाम लावणें, असे अर्थ झाले. सर्वांत समान गोष्ट ही कीं, बोलणारा परक्या अधिकारानें बोलतो. पदरचें कांहीं घालीत नाहीं. उपदेशकाचें तसें नसतें.

डोरिक 'कारुक्स' व वैदिक 'कारु' (स्तोता) यांचा संबंध जुने पंडित जोडीत. बीक्स यांनीं २०१० च्या व्युत्पत्तिकोशांत मूळ शब्दच ग्रीकपूर्व ठरविला. कसेंही असो, आमच्या कारू-नारूंतील 'कारू' हा कारागीर होय. त्यास या वादांत ओढूं नये.

मग 'दवंडी' चालेल काय? उमरीकडील गांवें १९४८ पर्यंत निजामी अंमलांत होतीं. तेथें सरकारचा कागद तो 'इश्तिहार', गांवांत फिरे ती 'दवंडी'. दवंडीवाल्याचाही हुकूम स्वतःचा नसे. एवढें साम्य खरें. परंतु ग्रीक दूत दंडधारी व अवध्य. आमच्याकडे हें काम वतनदार महाराच्या माथीं. शिवाय दवंडी 'पिटतात': मराठी शब्दांत वाद्य पुढें येतें, ग्रीकांत माणूस.

अशोकाच्या लेखांतही हा विवेक दिसतो. चौथ्या शिलालेखांत भेरीघोषाचा धर्मघोष झाला असें सांगितलें आहे. उलट १९५८ सालीं कंदाहारास सांपडलेल्या द्विभाषिक लेखाच्या ग्रीक भागांत राजानें लोकांस धर्मनिष्ठा 'दाखविली' असें क्रियापद आहे, 'केरुस्सो' नाहीं. अनुवादकानें आचरणास ललकारीहून निराळें ठेविलें.

आमच्या मतें खरा प्रतिशब्द बखरींतून परिचित असलेली 'द्वाही' हा होय. द्वाही फिरते ती धन्याच्या नांवानें, आणि ती फिरली कीं अंमल कोणाचा हें ठरतें. नव्या करारांतील 'केरुग्मा' तर देवाच्या राज्याचीच. तेथें 'द्वाही फिरविणें' अक्षरशः जुळतें. जेथें राज्याचा प्रसंग नाहीं, तेथें 'पुकारणें' पुरे. कागदांचा संग्रह करणारांनीं द्वाही, दवंडी व इश्तिहार यांची एकाच 'जाहीरनामा' सदराखालीं नोंद करूं नये. तिहींत बोलणारा, वाजविणारा आणि लिहिणारा हे तिघे निरनिराळे आहेत.