विनोदी वक्त्याचा ‘मी’ आणि लसीविषयीचा अपप्रचार

लसीकरणाविषयीच्या अपप्रचाराचा विचार सामान्यतः सत्यासत्यतेच्या अंगाने केला जातो. विधान खोटे असेल तर ते खोडून काढावे, म्हणजे टीकाकाराचे कर्तव्य संपले, अशी आपली समजूत असते. परंतु या अपप्रचाराचा पुष्कळसा भाग ज्यांवर खोटेपणाचा आरोपच करता येत नाही अशा वाक्यांचा बनलेला असतो. कीर्तन आणि पॉडकास्ट या दोन श्राव्य प्रकारांतील अशा वाक्यांचे स्वरूप तपासणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या परिसरातील उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२१ मध्ये, कोविडप्रतिबंधक लसीकरणाची मोहीम चालू असता, विनोदी कीर्तनकार म्हणून महाराष्ट्रभर परिचित असलेले निवृत्तीमहाराज इंदुरीकर यांनी नाशिक जिल्ह्यातील एका कीर्तनात, आपण लस घेतलेली नाही व घेणारही नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यावर, आपण त्यांना भेटून त्यांची समजूत घालू, असे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले. राज्याच्या मंत्र्यास एका कीर्तनकाराची समजूत घालणे अगत्याचे वाटावे, यातच त्या उद्गारांचे वजन दिसून येते.

व्याकरणदृष्ट्या हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. लस निरुपयोगी आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. वक्ता केवळ स्वतःच्या देहाविषयी व स्वतःच्या निश्चयाविषयी बोलत आहे. सबब विधान या नात्याने ते खोडून काढता येत नाही. तथापि बोलणे ही एक कृती आहे आणि बोलण्याचे प्रसंग व वक्त्याचा अधिकार यांवर त्या कृतीचे स्वरूप अवलंबून असते, हे ऑस्टिन यांनी १९५५ मधील हार्वर्ड येथील व्याख्यानांत दाखविले आहे. कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो तिला आपण नारदाची गादी म्हणतो. त्या गादीवरून उच्चारलेला ‘मी’ हा खासगी ‘मी’ राहत नाही. तो दृष्टान्तातला ‘मी’ होतो. वाक्याचे रूप निवेदनाचे असले, तरी श्रोत्यापर्यंत ते विध्यर्थाचे कार्य करीत पोहोचते.

हीच रचना अमेरिकेतील विनोदी नट जो रोगन यांच्या पॉडकास्टमध्येही आढळते. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी, निरोगी तरुणाने लस घेण्याची गरज नाही, असे सुचविले. टीका होताच, आपण डॉक्टर नसून आपल्या बोलण्यावर कोणी विसंबू नये, असा खुलासा केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोविड झाल्यावर आपण घेतलेल्या औषधांची यादी त्यांनी सांगितली. तीत आयव्हरमेक्टिन होते. येथेही वाक्य प्रथमपुरुषीच. सल्ला देताना वडीलकीचा अधिकार आणि जाब विचारताच विदूषकाची सवलत, असा हा दुहेरी व्यवहार आहे. विनोद हा विनोद म्हणूनच घ्यावा, हा आक्षेप येथे लागू पडत नाही. कारण वक्ता स्वतः तो तसा केवळ अडचणीच्या वेळीच घेतो.

पॉडकास्टमध्ये आणखी एक घटक असतो, तो म्हणजे यजमानाचा हुंकार. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्यास समोरून हुंकार लागतो. त्याचा अर्थ ‘मी ऐकतो आहे’ एवढाच असतो. ध्वनिमुद्रित संभाषणात मात्र तोच हुंकार तिसऱ्या, अनुपस्थित श्रोत्याच्या कानी संमती म्हणून पडतो. ३१ डिसेंबर २०२१ रोजी रोगन यांनी रॉबर्ट मलोन यांची मुलाखत प्रसिद्ध केली. तिच्याविरुद्ध सुमारे २७० डॉक्टर, शास्त्रज्ञ व अध्यापकांनी स्पॉटिफाय कंपनीस जाहीर पत्र लिहिले. गायक नील यंग यांनी आपली गाणी तेथून काढून घेतली. तेव्हा ३० जानेवारी २०२२ रोजी कंपनीने, कोविडविषयक भागांना माहितीदर्शक सूचना जोडण्याचे जाहीर केले. परंतु सूचना संभाषणाच्या बाहेर राहते. हुंकार संभाषणाच्या आत असतो. आत घडलेल्या कृतीचा परिहार बाहेरच्या पाटीने होणे कठीण आहे.

याचा दोष कीर्तनसंस्थेवर अथवा लोकश्रद्धेवर ढकलणे मात्र न्याय्य होणार नाही. हिंदुस्थानात पहिली लस १८०२ साली मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. पुढे या विद्येस मराठीने ‘देवी काढणे’ असे नाव दिले, म्हणजे रोगाच्या देवतेचे नावच उपायास बहाल केले. लोकभाषेने लस परकी मानली नाही, याचा याहून बोलका पुरावा कोणता? गाडगेबाबांनी तर कीर्तनातूनच स्वच्छतेचा उपदेश केला. ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. तेथे श्रोता केवळ हसणारा नव्हता, तर उत्तर देणारा होता.

भेद आहे तो येथेच. गिरणाकाठी भडगावच्या आसपासच्या गावांत सप्ताहातील कीर्तन अजूनही सबंध ऐकले जाते. परंतु त्याच कीर्तनाचा मिनिटभराचा तुकडा भ्रमणध्वनीवर येतो, तेव्हा मागचापुढचा संदर्भ गळून केवळ ‘मी’ आणि हशा शिल्लक राहतो. अशा श्रोत्याच्या वतीने प्रश्न विचारणारा एकच मनुष्य तेथे असू शकतो, तो म्हणजे यजमान. ‘आपण लस घेतली नाहीत, मग इतरांनी काय करावे असे आपले म्हणणे आहे?’ एवढा एक प्रश्न झाकलेला विध्यर्थ उघड्यावर आणण्यास पुरेसा आहे. विध्यर्थ उघड झाला की त्याचा पुरावा मागता येतो. तो प्रश्न न विचारणारा यजमान तटस्थ नसतो; तो त्या वाक्याचा सहवक्ता असतो. आपल्या विभागातील संशोधकांनी मराठी व अहिराणी ध्वनिमुद्रणांची या दृष्टीने छाननी करावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते.