शब्दसंग्रह आणि शब्दसंगति

परकी भाषा शिकूं इच्छिणाऱ्या तरुणांच्या हातीं हल्लीं व्याकरणाच्या पुस्तकाऐवजीं स्मार्टफोन दिसतो. त्यावरील 'अँकी' हें ॲप आम्हीं जर्मन शब्दांसाठीं कांहीं महिने वापरलें. त्याच्या गुणदोषांचा विचार येथें योजिला आहे.

२००६ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या ह्या साधनाचें नांवच पाठांतरवाचक जपानी शब्दावरून घेतलेलें आहे. एका बाजूस शब्द व दुसऱ्या बाजूस अर्थ, अशा कार्डांची ही चवड. आठवलेलें कार्ड उत्तरोत्तर अधिक दिवसांनीं पुढें येतें. विसरलेलें लवकर परततें. विस्मरण आरंभीं झपाट्यानें व मागाहून मंद गतीनें होतें, हें हेर्मान एबिंगहाउस यानें १८८५ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें होतें. त्या ज्ञानाचा असा व्यवहारी उपयोग पाहून कोणासहि समाधान वाटेल.

परंतु पाठ झालेला शब्द आपलासा झाला काय? जर्मन 'उमफारन' हें क्रियापद घ्या. स्वराघात पहिल्या अक्षरावर पडला तर अर्थ 'गाडीची धडक देऊन पाडणें'. दुसऱ्यावर पडला तर 'वळसा घालून जाणें'! नुसतें शब्दरूप घोकणाऱ्याची काय गत होईल, हें सांगावयास नको. लिंगाचेंहि तसेंच. मराठीप्रमाणें जर्मन भाषेंतहि तीन लिंगें आहेत, म्हणून आपला विद्यार्थी निर्धास्त असतो. पण जर्मनांचा चंद्र पुल्लिंगी असला तरी सूर्य स्त्रीलिंगी आहे. अमरसिंहानें हें मर्म जाणलें होतें. त्याच्या कोशाचें नांवच 'नामलिंगानुशासन'; त्यांत शब्द आपल्या वर्गांत, आपल्या लिंगासह येतो. आपल्या पाठशाळांत तो मुखोद्गत करवीत. तेव्हां पाठांतराची थट्टा आम्ही करणार नाहीं.

दोष आहे तो आयत्या कार्डांचा. इतरांनीं रचलेली एक मोठी चवड आम्हींहि प्रथम घेतली. रोजचा आंकडा वाढत होता. पण मुलांसाठीं लिहिलेली एक जर्मन गोष्ट वाचावयास घेतली, तों ओळखीचे शब्दहि अनोळखी वाटूं लागले! मग त्याच गोष्टींत अडलेल्या शब्दांचीं कार्डें आम्हीं स्वतः केलीं, आणि प्रत्येकावर उपपद व मूळ वाक्य लिहिलें. संख्या घटली, परंतु पुढील वाचनांत ते शब्द आपण होऊन ओळख देऊं लागले.

पालकांस आमची सूचना एवढीच: मुलांस हें साधन अवश्य द्यावें, मात्र सोबत एक पुस्तकहि द्यावें. शब्द जपून ठेवण्याचें काम यंत्राकडे सोंपवितां येईल. ते वेंचण्याचें काम ज्याचें त्यानेंच केलें पाहिजे.