लाकडी ठोकळ्यांतला गोवा

‘गोवा’ नावाचा एक जर्मन बोर्डगेम आहे. रूडिगर डोर्न या डिझायनरने केलेला, २००४ साली आलेला. त्यात आपण सोळाव्या शतकातले पोर्तुगीज व्यापारी असतो. मिरी, लवंग, दालचिनी, आलं, जायफळ पिकवायचं, जहाजं बांधायची, वसाहती वसवायच्या. आठ फेऱ्या झाल्या की ज्याचे गुण जास्त तो जिंकला. खेळ म्हणून तो फार चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरीच कुरकुर करणार आहे आणि ती वाईट खेळाबद्दलची कुरकुर नाही. वाईट खेळावर एवढा वेळ कोण घालवतं?

तो आम्हाला मिळाला एसेनला, जुन्या खेळांच्या एका स्टॉलवर. एसेनला दर ऑक्टोबरात ‘श्पील’ भरतं. १९८३ पासून सुरू असलेलं हे बोर्डगेम्सचं प्रदर्शन गुरुवार ते रविवार चालतं आणि सुमारे दोन लाख लोक येऊन जातात. मी नोकरीसाठी जर्मनीत असल्यामुळे हे घरापासून फार लांब नाही. या वेळी आई-बाबा आले होते, म्हणून शनिवार-रविवारची तिकिटं काढली. बायको, मी, ते दोघं, कॉलेजातला माझा रूममेट आणि ऑफिसातला एक जर्मन मित्र, असे सहा जण. मेट्रोतून उतरल्यावर बाबांनी हॉलकडे बघितलं आणि म्हणाले, “आंगणेवाडीच्या जत्रेएवढी गर्दी आहे. देव कुठल्या हॉलमध्ये ठेवलाय?”

देव नाहीच, टेबलं आहेत. प्रत्येक प्रकाशक आपले नवे खेळ टेबलावर मांडून ठेवतो, जागा मिळाली की बसायचं. नियम समजावून द्यायला एक माणूस येतो. जर्मनमध्ये त्याला ‘एर्क्लेअरबेअर’ म्हणतात, म्हणजे समजावणारं अस्वल. ही अस्वलं खरोखर गोड असतात. पण माझी एक तक्रार आहे. बहुतेक टेबलांवर अर्धाच डाव खेळायला मिळतो, मागे रांग वाढली की अस्वल नम्रपणे उठवतं. त्यामुळे जे खेळ पहिल्या वीस मिनिटांत चमकतात ते विकले जातात, आणि ज्यांची गंमत शेवटच्या फेरीत उघडते ते बिचारे पडून राहतात. आपल्याकडे पुस्तकांचं ब्लर्ब वाचून परीक्षणं लिहिणारे असतात, तसंच हे. लोक मात्र ट्रॉल्या भरभरून डबे नेत होते. त्यातले किती उघडले जातात देव जाणे.

बाबांना पहिला खरा आनंद झाला तो ‘मेन्श एर्गेरे दिश निश्त’ बघून. अर्थ साधारण ‘गड्या, चिडू नकोस’. १९१४ पासून हा खेळ जर्मनीत घरोघरी आहे आणि सगळे तो आपलाच समजतात. बाबांनी पट बघून एका सेकंदात सांगितलं, “हा तर सारीपाट.” बरोबरच होतं. पचिशीवरून इंग्लंडात लुडो झाला, त्याचं पेटंट १८९६ चं. जर्मन खेळही त्याच घराण्यातला. मित्राला हे माहीत नव्हतं, त्याला ते फार आवडलं.

मला त्यात जास्त रस होता तो वाटेत काय गळलं यात. आपल्या सारीपाटात चौघं खेळतात ते दोन जोड्यांनी. समोर बसलेला तो भिडू. माझ्या सगळ्या सोंगट्या घरी पोचल्या तरी भिडू मागे असेल तर आम्ही जिंकलेलो नसतो. पटावर फुलीची घरं असतात, तिथे सोंगटी मरत नाही. जर्मन अवतारात जोडी गेली आणि वाटेवरची सुरक्षित घरंही गेली. उरला प्रत्येक जण एकेकटा, कुठेही मारला जाऊ शकणारा. नाव मात्र ‘चिडू नकोस’! नियम बदलला की खेळ माणसांबद्दल वेगळं काहीतरी म्हणायला लागतो, एवढं यातून दिसतं. मुद्दाम कोणी तसं ठरवलं असेल असं नाही.

“खेळ आहे रे, एवढं काय वाचतोस त्यात,” हे वाक्य त्या दोन दिवसांत मला तीन जणांनी ऐकवलं. बायकोने दोनदा. त्यावर माझं उत्तर जर्मनांकडूनच घेतलेलं आहे. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत काही डिझायनर बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या करून बसले, की डब्यावर आमचं नाव छापणार नसाल तर खेळ देणार नाही. आज एसेनमध्ये प्रत्येक डब्यावर नाव असतं आणि लोक सहीसाठी रांगा लावतात. क्लाउस टॉयबर यांचा ‘कटान’ १९९५ साली आला तेव्हा ते दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ होते, पुढे जगभर माहीत झाले. खेळाला लेखक असतो हे एकदा मान्य केलं, की लेखकाला विचारतो ते प्रश्न त्यालाही विचारायला हवेत. कौतुक हवं आणि समीक्षा नको, असं कसं चालेल?

तर ‘गोवा’. शनिवारी रात्री तो आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडला. त्यातला लिलाव हा माझ्या मते बोर्डगेम्समधल्या सर्वांत सुंदर लिलावांपैकी एक आहे. मध्ये चौकोनी फरशा मांडलेल्या असतात. प्रत्येकाने एकेक निवडायची, आणि ती लिलावात गेली की दुसऱ्याने बोली जिंकली तर पैसे निवडणाऱ्याला मिळतात. स्वतःच घेतली तर मात्र पैसे बँकेत. म्हणजे मला हवी ती निवडू, की तुला हवी आहे हे ओळखून तुझ्याकडून पैसे काढू? बाबा आयुष्यभर मच्छीच्या लिलावाच्या आसपास वावरलेले. दुसऱ्या फेरीतच त्यांनी आम्हा इंजिनिअरांना धुऊन काढलं.

आई खेळत नव्हती, बाजूला बसून बघत होती. तिचं माहेर पेडणे. तिने फरशा उचलून उचलून बघितल्या, मग विचारलं, “ह्यात आमची माणसं कुठली?”

कुठलीच नाहीत. जहाज आहे, मसाला आहे, पैसा आहे, वसाहत करायला जाणारे आहेत. या प्रत्येकाचा आपापला तक्ता आहे, तो वर सरकवत न्यायचा. मळे आहेत, पण मळ्यात राबणारं कोणी नाही. कापणी हा फक्त एक आदेश आहे, दिला की पोतं भरतं. माझं रोजचं काम डेटा मॉडेल करण्याचं आहे. ज्या गोष्टीला टेबलमध्ये कॉलम नाही ती सिस्टिमच्या दृष्टीने घडतच नाही, हे मी रोज बघतो. या खेळात गोवेकराला कॉलम नाही.

इतिहास म्हणूनही हे डोकं खाजवायला लावणारं आहे. लवंग आणि जायफळ गोव्यात पिकून जगभर गेलेलं नाही. ते यायचं मोलुक्का आणि बांदा बेटांकडून, चांगली दालचिनी श्रीलंकेहून. १५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतला तो मळ्यांसाठी नाही, समुद्रावर हुकमत बसवायला. पोर्तुगीजांची खरी कमाई होती दरारा. त्यांचा ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना घेतल्याशिवाय दुसऱ्यांनी जहाज न्यायचं नाही, नेलं तर जप्त. (आणि आईचं पेडणं तर त्यांच्या हातात गेलं थेट अठराव्या शतकाच्या अखेरीला.) म्हणजे जो धंदा तोफेच्या जोरावर चालला, त्याची खेळात शेती आणि लिलाव झाली. जो भाग हिंसक तो वगळला आणि जो भाग सभ्य तो घडलेलाच नव्हता. हे सगळं ‘नुसती सजावट आहे’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: सजावटच असेल तर नाव ‘गोवा’ कशाला?

असं करणारा हा एकटा नाही. २००२ च्या ‘पोर्तो रिको’त मळ्यांवर तपकिरी गोल चकत्या ठेवायच्या असतात आणि नियमपुस्तक त्यांना ‘वसाहतकार’ म्हणतं. चकत्या तपकिरी का, हे सगळ्यांना कळायचं. २०२२ च्या नव्या आवृत्तीत काळ बदलून १८९७ केला. मला हा उपाय भिंतीला रंग मारल्यासारखा वाटतो. ओल आतच आहे.

याउलट रविवारी आम्ही मित्राकडचा ‘जॉन कंपनी’ खेळलो. कोल वर्ली यांचा हा खेळ ईस्ट इंडिया कंपनीवर आहे, आणि त्यातही हिंदुस्थानी म्हणून खेळता येत नाहीच. पण इथे ते लपवलेलं नाही. आपण कंपनी चालवणारी इंग्रज घराणी असतो, कंपनी बुडाली तरी घराणं तरलं पाहिजे, आणि हिंदुस्थानात मिळवलेला पैसा शेवटी इंग्लंडातल्या वाड्यांत आणि प्रतिष्ठेत जातो. गुण त्याचेच. नकाशावर ‘मराठा’ असा प्रदेश आहे. तिथे स्वारी पाठवायची की नाही यावर माझा रूममेट, जो व्हॉट्सॲपच्या डीपीत कायम गडांचे फोटो ठेवतो, पाच मिनिटं गप्प बसला आणि मग त्याने पाठवली. त्याला बढती हवी होती. खेळाने त्याला काही शिकवलं नाही, भाषण दिलं नाही, फक्त त्या खुर्चीत बसवलं. ‘गोवा’त अशी पाच मिनिटं कधी येतच नाहीत. सगळे निर्णय कठीण असतात आणि एकही अवघड नसतो.

तरी खेळण्याची मजा म्हणाल तर ‘जॉन कंपनी’ चार तास घेतो, मध्ये दोनदा भांडण होतं, आणि आई-बाबा कंटाळून झोपले. ‘गोवा’ त्या दोन दिवसांत तीनदा खेळलो. दोन्ही खरं आहे.

बाबांनी परत जाताना ‘गोवा’ बॅगेत घातला, मालवणात मित्रांबरोबर खेळायला. नियमपुस्तक जर्मन. म्हणून जाण्याच्या आदल्या रात्री मी वाचत गेलो आणि ते वहीत मराठीत उतरवत गेले. जहाज, मळा, लिलाव, सगळं सरळ होतं. ‘कोलोनिस्ट’वर गाडी अडली. बाबांनी ‘कामगार’ लिहिलं, खोडलं. ‘वस्तीकर’ लिहिलं, तेही खोडलं. आई बॅगेत लोणच्याच्या रिकाम्या बरण्या भरत होती, तिने मान वर न करता सांगितलं, “अहो, फिरंगी लिहा.”